पलीकडच्या विंगेतली वही

आमचे हे प्रॉम्प्टर. नाटक चालू असताना विंगेत संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगायचं, एवढंच काम. पण एकतीस वर्षं केलं. कंपनी करायची जुनी इंग्रजी नाटकं, मराठीत उतरवलेली. त्यात भाऊ राजाला विष देणार, लेकी गोड बोलून म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढणार, जिवलग माणूस कान भरून दुसऱ्याच्या संसाराची राखरांगोळी करणार. उठता बसता हेच कानावर पडल्यावर माणसाचं काय होणार? ह्यांना घरातही राजवाडाच दिसायला लागला.

सून पाय चेपायला बसली की हे विचारणार, काय हवंय? मुलीने विणून पाठवलेला स्वेटर महिनाभर कपाटात पडून, आधी हेतू कळू दे म्हणे. चहा जरा वेगळा लागला की पहिला घोट मी घ्यायचा. मी घ्यायची आणि मुद्दाम मान टाकायची. पण हसतील तर शपथ.

धाकट्या भाऊजींवर मात्र ह्यांनी कधी संशय घेतला नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हा भाऊजी सहा वर्षांचे. ह्यांनीच वाढवलं, कंपनीत पडदा ओढायच्या कामाला लावलं. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. प्रयोगाला हे डाव्या विंगेत, भाऊजी उजव्या.

मग एका प्रयोगात नट अडला, आणि ह्यांनी तोंड उघडायच्या आत उजवीकडून कुणीतरी वाक्य दिलं. पुढच्या प्रयोगात पुन्हा तेच. हे घरी आले ते जेवलेच नाहीत. कुणीतरी माझ्या खुर्चीवर टपलंय, म्हणाले. ती खुर्ची गेली तर हा माणूस खचणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मीही डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. हसणारी मी, पण त्या आजाराची लागण मलाही झाली.

आठवड्याने भाऊजींचा कोट झटकायला घेतला तर खिशात एक वही. अख्खं नाटक बारीक अक्षरात उतरवलेलं. नट मुद्दाम थांबतो तिथे प्रॉम्प्टरने बोलायचं नसतं, म्हणून ह्यांच्या संहितेत त्या जागी लाल खुणा असत. त्या हे कुणाला दाखवत नसत. वहीत त्याही होत्या, जशाच्या तशा.

भाऊजींना आधी विचारायला माझं काय जात होतं? पण मला दुर्बुद्धी सुचली. मी वही ह्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी डबा घेऊन गेले, तर वही मॅनेजरच्या टेबलावर आणि सगळी कंपनी भोवती.

"माझी खुर्ची हवी होती तर मागायची होतीस," हे म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅनेजरकडे पाहिलं. आणि खाली बघत म्हणाले, "हो दादा. हवी होती."

मॅनेजरने त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं. संध्याकाळी ते कपड्यांची पेटी घेऊन घरातून निघाले तेव्हा मी ओट्याशी भांडी घासत होते. मान वर केली नाही.

रविवारी दुपारी प्रयोग. मी ह्यांच्या मागे स्टुलावर बसले होते. तिसऱ्या अंकात नट अडला. हे स्वस्थ. ह्यांचं बोट लाल खुणेवर होतं, नट मुद्दाम थांबलाय असं समजून हे वाट बघत होते. नट घामाघूम होऊन आमच्याकडे बघतोय, प्रेक्षकांत चुळबुळ. उजव्या विंगेत पडद्याचा नवा माणूस जांभई देत उभा. तेव्हा ह्यांनी संहिता नाकाला टेकेल इतकी जवळ धरली. पान उलटलं, परत उलटलं.

"आपण कुठे आहोत ग?" त्यांनी मला विचारलं.

नटाने कसंबसं पुढचं वाक्य जुळवलं. ह्यांची ओळ सुटत होती. किती महिने सुटत होती कुणास ठाऊक, आणि भाऊजी ती पलीकडून सावरत होते. त्या दिवशी त्यांनी खरं सांगितलं असतं तर मॅनेजरला कळलं असतं की दादाला आता नीट दिसत नाही.

ह्यांनाही ते कळलं असावं. संहिता मांडीवर ठेवून त्यांनी उजव्या विंगेकडे पाहिलं.

"त्याला बोलाव," म्हणाले.

कुठून बोलावणार? जाताना कुठे निघालात, एवढंही मी विचारलं नव्हतं.