कापू ना, बाय?

कुठलाही मासा फळीवर घेतला की ती आधी त्याच्या पोटावर तळहात ठेवायची आणि विचारायची, "कापू ना, बाय? मंग नको म्हनू नको." कापलेला मासा परत घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या बाजारात तिचा मासळीचा ओटा होता. मी जवळच जीन्सच्या कारखान्यात बटणं लावायचे आणि सुटल्यावर पिशवी घेऊन तिच्यापुढे उभी राहायचे. घासाघीस केली की म्हणायची, "जा, घरी जा नि पापड तल."

तोंडाची फटकळ, पण बाळंतिणीचं नाव निघालं की वेगळीच व्हायची. मुशी खाल्ली की आईला दूध येतं, हे आपल्याकडे सगळेच मानतात. मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा लहान शार्क. माझी लेक झाली तेव्हा हिने माझ्या सासूच्या पिशवीत न मागता मुशी टाकली होती. "कालवण पातल कर," एवढंच बोलली.

गेल्या उन्हाळ्यात समुद्रकाठी जाळं टाकणाऱ्या तिच्या भावाचा फोन आला. किनाऱ्यालगत कंबरभर पाण्यात मुश्या जमल्या होत्या, झुंडीने. फिरायला आलेले लोक शार्क, शार्क ओरडत पळाले म्हणे. तिला हसू आवरेना. "पिल्लं टाकाला येतात गो. लेक माहेरी येते ना, तशी." तिची स्वतःची लेकही तेव्हा सोनिवलीला तिच्या घरी बाळंतपणाला आली होती.

त्याच आठवड्यात त्या मुश्या टेम्पोने बाजारात आल्या. गिऱ्हाईक मीच होते. तिने विचारलं, मी हो म्हटलं, तिने पोट फाडलं. आतून बोटभर पिल्लं निघाली, नाळेसकट. मुशीच्या पिल्लांना नाळ असते, आपल्यासारखीच. भरलेली मुशी तिने काही पहिल्यांदा कापली नव्हती, पण ती एखाददुसरी. त्या दिवशी टोपलीतली जी घ्यावी ती भरलेली. तिने कोयता खाली ठेवला.

"माहेरी आलेली लेक दारातच कापली यांनी," ती म्हणाली. टोपली टेम्पोवाल्याच्या अंगावर ढकलली आणि भावाला फोन लावून अख्ख्या बाजारादेखत शिव्या घातल्या.

तेव्हापासून तिने मुशी विकली नाही. तेवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. पण शेजारच्या ओट्यावर कुणी मुशी मागितली की ही उठायची. "भरलेली हाय ती. लाज नाय वाटत?" शेजारचा म्हणायचा, "मौसी, गिऱ्हाईक मत भगाओ." टेम्पोवाल्याने तिला माल देणं बंद केलं. मग बाजारातल्या पुढाऱ्यांनी बैठक घेतली आणि रिकाम्या ओट्याचं कारण सांगून तो दुसऱ्याला देऊन टाकला. "सासूची जागा हाय माझी," ती सांगत राहिली. शेवटी तिने ओटा धुतला, कोयता गोणपाटात गुंडाळला आणि निघून गेली. पुन्हा बाजारात आली नाही.

माझा अजून संताप होतो. त्या बैठकीतल्या एकेकाच्या घरची बाळंतीण तिच्या हातच्या मुशीवर उभी राहिली होती, आणि तिला वेडी म्हणताना एकाचीही जीभ अडखळली नाही. किनाऱ्यावरचे ते लोक शार्कला घाबरले होते म्हणे. त्यांनी एकदा आमच्या बाजारात यावं.

परवा माझी लेक बाळंत झाली. विहीणबाई मुशीसाठी हटून बसल्या. मी नाही म्हटलं तरी मला बाजारात ओढून घेऊन गेल्या, आणि उभ्या राहिल्या त्या नेमक्या तिच्याच ओट्यापुढे.

नव्या मासळीवाल्याला त्यांनी माझ्या लेकीचं सांगितलं. तो खूश झाला. "बाळंतिणीला ना? मग भरलेलीच न्या, ताकद असते." एक मोठी मुशी त्याने फळीवर आपटली. तिचं पोट टम्म दिसत होतं.

मी नको म्हणायला तोंड उघडलं. त्याने विचारलंच नाही. कापली.