अक्रोडाखालचा चार्ज

शाळेत विज्ञान शिकवते मी. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आजवर मनसोक्त टिंगल केली, त्यामुळे इथे लिहायला हात धजत नव्हता. पण आईची तब्येत आता बरी नाही, आणि हे मनात ठेववत नाही...

वडील फौजेत हवालदार. माझं लहानपण भूतानमध्ये, तिथल्या आपल्या फौजी वस्तीत गेलं. (सुट्टीत गावी आले की पोरं मला ‘भूत’ म्हणूनच हाक मारायची.) मी सात वर्षांची असताना तिथे मला भाऊ झाला. अकरा दिवस जगला. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. क्वार्टरमागे ओढ्याकाठी, अक्रोडाच्या झाडाखाली त्याला पुरलं, वर चपटा दगड ठेवला. आई रोज त्या दगडावर पाणी घालायची.

दोन वर्षांनी बदली आली. क्वार्टर सोडताना चार्ज द्यावा लागतो — नळ किती, बल्ब किती, काचा शाबूत आहेत का — नवं कुटुंब सगळं बघून घेतं, मग सही. यादी संपल्यावर आई नव्या पंजाबी बाईला मागे घेऊन गेली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये भी चार्ज में है." बाईनं डोक्यावर ओढणी घेतली आणि दगडावर पाणी घातलं. बदली झाली तेव्हा तिनं पुढच्या बाईला सांगितलं, तिनं तिच्या पुढच्या... दर वेळी आईला पत्र यायचं, नंतर नंतर फोन. जवळजवळ तीस वर्षं. त्यातली एकही बाई आईला पुन्हा कधी भेटली नाही.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, येलदरीजवळ. वडील गेल्यापासून आई एकटीच असते. मागच्या मे महिन्यातली दुपार, अंगणात पाय ठेववत नव्हता. मी सुट्टीला आले होते. आई झोपेतून उठून बसली.

"लेकरू भिजायलंय," म्हणाली.

"कुणाचं?"

तिनं गळ्यातली किल्ली काढली आणि वडिलांची काळी पेटी उघडली. आत ब्लँकेटच्या घडीत भावाचं लोकरीचं टोपरं होतं, डांबरगोळ्या घालून ठेवलेलं. ते चिंब भिजलं होतं. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली. लोकरीत राखाडी वाळू अडकलेली. आणि ब्लँकेट मात्र कोरडं ठणठणीत...

छप्पर बघितलं, पेटीचा तळ बघितला. आमच्याकडे मे महिन्यात माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं.

संध्याकाळी फोन आला. त्या क्वार्टरमधली शेवटची बाई, गढवालची. रडत होती. "आंटी, आज सब क्वार्टर तोड दिए. पेड़ भी गिरा दिया, पत्थर नाले में चला गया... मैं चार्ज किसको देती?"

आई शांतपणे म्हणाली, "मिल गया, बेटी. चार्ज मिल गया."

दुसऱ्या दिवशी ते टोपरं आम्ही परसात कडुलिंबाखाली पुरलं, वर दगड ठेवला. वर्षभर आईनं पाणी घातलं. आता तिला उठवत नाही.

पेटीत पाणी कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी टिंगल करणार नाही.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "माज्या माघारी कोन हाय गं त्याला?"

मला रडू आलं. तांब्या भरून परसात गेले, दगडावर पाणी घातलं. आत येऊन तिला म्हटलं, "घेतला चार्ज."

आईनं कूस बदलली. बऱ्याच दिवसांनी तिला झोप लागली.