पुलापुरती सोबत

मुदखेड रस्त्यावर तो मला रोज सकाळी सराव करताना भेटतो. हातांनी फिरवायच्या तीनचाकी सायकलवर तो जवळजवळ आडवाच असतो. त्याचं डोकं माझ्या स्कूटरच्या चाकाएवढ्या उंचीवर. शर्यतीत भल्याभल्यांना मागे टाकतो, पण इथे त्याला मागून येणाऱ्याचीच धास्ती. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना तो दिसत नाही आणि त्यांच्या गाण्यांत त्याची दातात धरलेली शिट्टी ऐकू जात नाही. म्हणून अरुंद पुलाआधी तो थांबतो.

"सर, पुलापुरतं माझ्या मागं ऱ्हावा."

एरवी चेन, टायर, मनगटं यांवर अखंड बोलणारा तो पुलावर शिट्टी दातात धरून नुसते हात फिरवत राहतो.

काल पुलाच्या मध्यावर मागून गाणं जवळ येऊ लागलं. दोन ट्रॉल्यांचा खडखडाट पाठीत शिरला. बाजूला व्हायला जागा नव्हती. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. ट्रॅक्टर कसाबसा माझ्यामागे थांबला.

पूल ओलांडल्यावर मी स्कूटर कडेला घेतली. "दुसरं कुणी बघा. मी लई भित्रा हाय," मी ओशाळून म्हणालो.

त्यानं तळहातांचा घाम मांड्यांना पुसला.

"पहिला सोबती लई धाडसी होता, सर. ट्रॅक्टर आला तरी त्यानं हॉर्न वाजवला न्हाई. तवा मी पायानं सायकल चालवत होतो."