पाठीवरचे गोटे

कापसाचा भाव पार कोसळला होता, त्या वर्षी मुलाने आम्हा नवराबायकोला इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून शंभर मैल पायी चालायला बोलावलं. सरावासाठी आम्ही पाठीवरच्या पिशव्यांत गोटे भरून रोज सकाळी कळंबच्या रस्त्याने चालायचो आणि एका पंक्चरवाल्याच्या टपरीवर पाणी प्यायचो. तो ट्यूब पाण्यात बुडवून बसलेला असायचा आणि बुडबुड्यांवरची नजर न काढताच बोलायचा.

एकदा मात्र त्याच्याशेजारी टेकवलेल्या पिशवीतले गोटे त्याला दिसले.

"कापसात गोटे टाकतेत, ते समजते साहेब. वजन वाढते. पाठीवर काहून?"

बायको हसली. मी त्याला इंग्लंड समजावून सांगितलं. सरावाच्या शेवटच्या दिवशी गोटे त्याच्याच टपरीवर टाकून आलो.

इंग्लंडहून परतल्यावर त्याने विचारलं, "झालं चालनं?"

"झालं. पिशव्या मात्र रोज गाडीने पुढच्या मुक्कामी जायच्या. तिकडे तशी सोयच असते."

पहिल्यांदाच त्याने मान वर केली. मग फळीखालून आमचे गोटे एकेक करून काढले आणि माझ्यापुढे मांडले.

"जपून ठेवले व्हते, साहेब. मले वाटलं, कामाचे असतीन."