एक्केचाळीस नंबरचा खड्डा

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचत आलो आणि हसत आलो. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझी नोकरीच तशी — जी गोष्ट कॉम्प्युटरच्या रकान्यात बसत नाही, ती माझ्या लेखी नसतेच. आज स्वतः लिहायला बसलोय, कारण हे मी बायकोलाही अजून पुरतं सांगू शकलेलो नाही.

नगरला (आता अहिल्यानगर लिहितो, पण तोंडात नगरच येतं) एका सरकारी कार्यालयात मी मृदा सर्वेक्षणाचा डेटा सांभाळतो. काम असं — ठरलेल्या जागी पाच फूट खोल खड्डा घ्यायचा, मातीचे थर मोजायचे, नमुने पिशवीत भरायचे, माहिती टॅबवर चढवायची आणि खड्डा बुजवून टाकायचा. त्या नोंदींवरून मी नकाशे करतो. ते कृषी, महसूल, जिल्हा परिषद... जो मागेल त्या कार्यालयात जातात. एकदा नकाशावर रंग भरला की पुढे कोणी माती बघायला जात नाही. रंग बघतात.

हे काम मला साळवे सरांनी शिकवलं. श्रीरामपूरचे, जाड चष्मा, रविवारचं चर्च आणि दुपारचा चहा कधी न चुकवणारे. त्यांच्या दोन सवयी होत्या. एक, प्रत्येक खड्ड्यातली चिमूटभर माती ते जिभेवर ठेवायचे आणि शेऱ्यात चव लिहायचे. आम्ही थट्टा करायचो तर म्हणायचे, "डॉक्टर तुझी जीभ बघतो, मी जिभेनं बघतो. फी तेवढीच." दुसरी, खड्डा बुजवण्याआधी ते कौलाच्या तुकड्यावर खिळ्यानं नंबर कोरून तळाला ठेवायचे. पुढे कोणी खणलं तर त्याला कळावं, की इथे आधी माणूस येऊन गेलाय.

दोन वर्षांपूर्वी राजूरच्या वरच्या डोंगरात आमचं काम चालू होतं. चाळीस नंबरचा खड्डा झाला आणि सरांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना श्रीरामपूरला नेलं. एक्केचाळीस नंबर उरला होता. तिथे जायला तासभराची उभी चढण, आणि डेटा त्याच दिवशी पाठवायचा होता. मी झाडाखाली बसून चाळीसची नोंद कॉपी केली. जागेचे आकडे बदलले, खोली दोन इंचांनी इकडेतिकडे केली. 'दीड फुटावर कठीण मुरूम.' नकाशावर त्याचा पिवळा रंग.

संध्याकाळी सरांचा दवाखान्यातून फोन आला.

"एक्केचाळीस केलास का रे?"

"हो सर."

"चव कशी होती?"

"नेहमीसारखीच."

ते मग म्हणाले, "बरं. कौल ठेवलंस ना?"

मी हो म्हणालो. दोन आठवड्यांनी सर गेले. त्या दोन आठवड्यांत ते पलंगावरून उठलेसुद्धा नव्हते, हे मला त्यांच्या पत्नीने मातीच्या दिवशी सांगितलं.

मी ते विसरलो. खरं सांगायचं तर विसरायची सवय केली.

गेल्या हिवाळ्यात एका कार्यालयातून पत्र आलं. त्याच डोंगरातल्या एका वाडीच्या वरच्या उतारावर भेगा पडल्या होत्या. तेवीस घरं हलवायची होती आणि नवी जागा ठरली होती, माझ्याच जुन्या नकाशाच्या आधारे. फाइलला जोडायला नकाशाची ताजी प्रत हवी होती. जागेचा नंबर वाचला. एक्केचाळीस.

तरीही मी प्रिंटची कमांड दिली. हे लिहिताना लाज वाटते, पण दिली. प्रिंटरमधून कागद बाहेर आला, तर एक्केचाळीसचा तुकडा निळा. निळा म्हणजे पाझराची, भुसभुशीत जमीन.

मी नोंद उघडली. खोली, थर, सगळं वेगळं. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जो मी रिकामा सोडला होता — 'चव मचूळ. तीन फुटांवर पाझर. पुन्हा बघणे.'

'पुन्हा बघणे' हे सरांचे शब्द. शंका असली की ते वहीत लाल पेन्सिलीने एवढंच लिहायचे.

मला वाटलं, कोणीतरी खोडी काढतंय. मी शेरा पुसला, जुने आकडे भरले, सेव्ह केलं. जेवून आलो, प्रिंट काढली. निळा. पुन्हा पुसलं. पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऑफिसमध्ये सगळे असताना, माझ्या समोरच्या स्क्रीनवर पुन्हा तोच शेरा.

पुण्याला सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, ही नोंद दोन वर्षांत एकदाही एडिट झालेली नाही. पहिल्या दिवसापासून हीच आहे. तुमच्याच लॉगिननं."

म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी मी खोटं बोललोच नव्हतो. पण त्या वेळी मेलने पाठवलेला नकाशा त्या कार्यालयात सहीशिक्क्यानिशी होता, आणि तो पिवळाच होता. मी आमच्या साहेबांना म्हणालो, "नकाशात चूक आहे, जागा थांबवा." ते म्हणाले, "चूक कोणाची, ते लेखी द्या. मंजुरी झालीय, पावसाआधी पाया घालायचाय." मी लेखी दिलं नाही. घरी दोन मुलांची शिक्षणं चालू आहेत... असली कारणं माणसाला लगेच सापडतात.

चार दिवस झोप नाही. पाचव्या दिवशी रजा टाकली आणि राजूरची एसटी धरली.

वाडीतली हिराबाई नावाची म्हातारी आणि तिचा जावई कुदळ घेऊन माझ्याबरोबर वर आले. चढताना मी तीनदा बसलो. हिराबाई म्हणाली, "साहेब, तुमचा नकाशा आमच्याआधी वर पोचला, तुमी आत्ता येताय व्हय?" जावई हसला. मला हसता आलं नाही.

आम्ही खणायला सुरुवात केली आणि फूटभरातच मी जावयाला थांबवलं. न खणलेल्या जमिनीत थर दिसतात — वरचा काळपट, खालचा तांबूस. इथे सगळी माती एकमेकांत मिसळलेली होती. आजूबाजूला हात लावला तर घट्ट थर, आणि मध्ये बरोबर आमच्या मापाचा मऊ चौकोन. खड्डा घेऊन बुजवलेला.

"इथे आधी कोणी खणलं होतं?"

"हितं कोन खांदनार?" हिराबाई म्हणाली. "शेत न्हाई, हीर न्हाई. गुरं बी येत न्हाईत हितं."

तीन फुटांवर कडेने पाणी पाझरू लागलं. पाचव्या फुटाला कुदळ कशावर तरी खट्ट वाजली. मी आत उतरून हाताने चिखल काढला. कौलाचा तुकडा होता. वर खिळ्याने कोरलेलं — ४१. चारचा वरचा फाटा लांब ओढलेला, सर काढायचे तसा.

मी त्या चिखलात बसून राहिलो. मग चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मचूळ.

"साहेब, रडताय कशापायी?" हिराबाईने वरून विचारलं. "जागा वंगाळ हाय का?"

"हो. जागा वाईट आहे. आणि चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी सगळं लेखी दिलं. न घेतलेला खड्डा, कॉपी केलेली नोंद, सरांना मारलेली थाप. कौलाचं लिहिलं नाही. त्यासाठी अर्जात जागा नव्हती. पाया थांबला. माझी चौकशी चालू आहे, ती व्हायलाच हवी.

पण तेवीस घरं अजून त्या भेगांखालीच आहेत. नवी जागा शोधून मंजुरी मिळवायची, आणि पाऊस तोंडावर आलाय. हिराबाई जावयाच्या मोबाईलवरून फोन करते. "साहेब, दुसरी जागा घावली का? न्हाई, घाई न्हाई. डोंगराला इचारून सांगते, थांबतो का म्हनून." ती चेष्टा करते आणि मला फोन धरवत नाही.

चौकशी चालू असतानाही ते काम मी मागून घेतलं. गेल्या आठवड्यात अठ्ठावन्न नंबरचा खड्डा स्वतः खणला. कठीण मुरूम लागला. चव घेतली, शेऱ्यात लिहिली, तळाला कौल ठेवलं. माझ्या मते जागा चांगली आहे. पण माझ्या मताची किंमत मला माहीत आहे.

आता रोज सकाळी ऑफिसला गेलो की आधी अठ्ठावन्नची नोंद उघडतो. माझ्या शेऱ्याखाली आणखी काही लिहिलेलं आहे का, ते बघतो. अजून काही नाही. ती जागा बरोबर आहे म्हणून सर काही लिहीत नाहीत, की त्यांनी येणंच बंद केलंय... मला कळत नाही. आणि परवा मला तिथे तेवीस घरांसाठी सही करायची आहे.