जोखलं की दोषी ठरवलं

अकोल्याच्या एका दिवाळी अंकासाठी मी एक इंग्रजी कथा मराठीत केली होती. मी अमरावतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, सुट्ट्यांत अशी कामं घेते. कथा साधी होती. गाडीखाली माणूस चिरडला म्हणून तुरुंगात गेलेला मुलगा सुटून घरी येतो. आई दार उघडते, त्याच्याकडे बघते आणि बाजूला होते. त्या बघण्यासाठी लेखिकेनं एकच क्रियापद वापरलं होतं, 'जज'.

आपल्याला या शब्दासरशी कोर्ट दिसतं. इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत मात्र माणसं नदीची खोली 'जज' करतात, अंधारातलं अंतर 'जज' करतात, आता गप्प बसलेलं बरं असंही 'जज' करतात. आणि तोच शब्द एखाद्याला दोषी ठरवायलाही चालतो. याच कथेत आधी ती आई भट्टीतला पाव झाला की नाही याचा अंदाज घेते, तिथंही हेच क्रियापद होतं. म्हणून मी लिहिलं, 'तिनं त्याला नजरेनं जोखलं आणि ती दारातून बाजूला झाली.'

एका सकाळी संपादकांचा फोन आला. "मॅडम, शेवटचं वाक्य जरा दुरुस्त केलं. 'तिनं त्याला मनोमन दोषी ठरवलं.' दुपारी पानं छपाईले जाऊन राहिली."

"सर, नका बदलू. मी येते तिकडं."

"फोनवरच सांगा ना."

ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. रजा टाकली आणि बस धरली. मूर्तिजापूरला कंडक्टर चहाला उतरला तो येईचना. अकोल्यात ऑटोवाल्याला दोनदा "जरा लवकर" म्हटलं, तेव्हा त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

संपादकांची माझी ओळख फोनवरचीच. कचेरीत समोर बसला होता तो साठीचा, जाड भिंगांच्या चष्म्याचा माणूस. टेबलावर कथेचं शेवटचं पान होतं, लाल शाईनं दुरुस्त केलेलं.

"जोखलं म्हंजे काय मॅडम? कापूस हाय का तो? मायनं माफ केलं का नाही, हे वाचकाले समजलं पाहिजे."

"तेच तर लेखिकेनं सांगितलेलं नाही."

"पोरानं माणूस मारला. मायले ते समजत नसन?"

तेव्हा मी बोलले. अमरावतीत कुणालाच सांगितलं नव्हतं ते. "सर, माझा भाऊ असाच आला होता, भातकुलीच्या घरी. शिक्षा भोगून. त्याच्या गाडीखालीही एक माणूस गेला होता. आईनं दार उघडलं तेव्हा मी तिच्या मागंच उभी होते. तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण तो निकाल नव्हता."

त्यांनी ते पान स्वतःकडे ओढलं. मला वाटलं, पटलं असावं.

"माह्या बहिणीचा पोरगा असाच गेला," ते म्हणाले. "रस्त्याच्या कडेनं पायी चालला होता. त्या ड्रायव्हरच्या मायनं बी त्याले घरात घेतलंच असन ना?"

उठून निघून जावं असं वाटलं. तेवढ्यात प्रेसचा फोन वाजला. त्यांनी तो वाजू दिला, मग उचलला. "थांब जरा," म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

"दोषी ठरवलं असं सरळ लिहाले इंग्रजीत दुसरा शब्द असते का?"

"आहे सर. अगदी स्वच्छ शब्द आहे. लेखिकेनं तो घेतला नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. मग स्वतःचं वाक्य खोडलं. पेन एवढं दाबलं की कागद फाटला.

"मले पटलं नाही," ते म्हणाले. "पण त्या बाईनंच नाही ठरवलं, त मी ठरवणारा कोन?"

मी आभार मानले. त्यांनी मान वर केली नाही.

दिवाळीत अंक घेऊन भातकुलीला गेले. भाऊ ओट्यावर बसून कथा वाचत होता, मी दारातून त्याच्याकडे बघत होते. शेवटच्या पानावर तो फार वेळ थांबला.

"मंग आत गेल्यावर माय काय म्हणते त्याले?"

"कथा तिथंच संपते."

त्यानं अंक मिटला. आत आई फराळाची ताटं मांडत होती.

"मायले वाचून दाखवू नको," तो हळूच म्हणाला.

मी नाही दाखवली.