चतुराबाईची शेजारकारी

चतुराबाईनं माळावर दोनशे झाडं जगवली आणि एकही मरू दिलं नाही, तिथंच तिचं चुकलं.

निजामाचं राज्य जायला अजून बारा-तेरा वर्षं होती. कंधारजवळच्या तिच्या वाडीला लागून जहागिरीच्या कचेरीनं माळावर निलगिरी लावायला काढली आणि रोपं जगवायला वाडीतल्या बायकांना पट्टे वाटून दिले. मुन्शी शिवलिंगअप्पांनी हुकूम वाचला: 'शजरकारी', म्हणजे झाडं लावणं. बायकांच्या जिभेला तो शब्द वळेना. त्यांनी त्याची 'शेजारकारी' केली. झाडं आली की पाणी वाढतं, असं मुन्शी म्हणाले. ते बायकांना पटलंही. शेजार आला की आधार येतोच.

विधवा चतुराबाईचं घर झऱ्याकाठी होतं. झरा म्हणजे दगडातली कुंडी, पण चैत्रातही घागर बुडायची. वरच्या पट्ट्यातल्या बायका दोन खेपा करून सावलीला बसत. त्यांची रोपं करपली. चतुराबाईनं तीन उन्हाळे झऱ्याचं पाणी डोक्यावर वाहिलं, आळी केली, शेळ्यांना आडव्या काट्या लावल्या. मुन्शींनी चार लोकांत तिला लुगडं दिलं.

सातव्या वर्षी झाडं घराच्या दुप्पट उंच झाली. त्याच माघात कुंडीत घागर आडवी करावी लागली. नवव्या वर्षी वाटीनं भरायची पाळी आली. पाऊस कमी पडला नव्हता. कुणी म्हणालं देवीचा कोप, कुणी म्हणालं विटाळ. सून केवळा चार महिन्यांची पोटुशी, आणि दुसरं पाणी कोसभर लांब नदीला. झरा गेला तर लेक-सून इथं राहायची नाहीत, हे चतुराबाईला कुणी सांगावं लागलं नाही.

ती मुन्शींकडे गेली.

"मुन्शीसाहेब, झऱ्यापाशीच्या दोन रांगा तेवढ्या तोडा."

"का गं? तुझ्याच हातच्या ना त्या?"

"म्हनूनच सांगते. कोन किती पितंय ते मी डोक्यावर वाहून बघितलंय. शेजारी म्हनून आनले, आन् माझाच रांजन रिकामा करून राहिलेत."

मुन्शी पोट धरून हसले. "पाणी कमी झालंय, तर आणखी झाडं लावू की! आजच अर्जी लिहितो."

अर्जीवर साऱ्या वाडीनं अंगठे उठवले. चतुराबाईनं नाही.

"लुगडं फाटलं वाटतं हिचं," वरच्या पट्ट्यातली नीलाबाई पाणवठ्यावर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चतुराबाईनं भरदुपारी कुऱ्हाड उचलली. अकरा झाडं पडली तेव्हा शिपाई आला. तिला दोन दिवस चावडीत बसवलं. सुटून आली तर केवळा गाठोडं बांधून तयार.

"आत्याबाई, बाळंतपनाला पानी लागतंय. मी जळकोटला जाते." लेक रामकिशन बायकोला पोचवायला म्हणून गेला, तो तिकडंच कामाला लागला.

पावसाळ्यात तोडलेल्या खोडांना पाच-पाच कोंब फुटले. झऱ्याची कुंडी मात्र दिवाळीलाच कोरडी पडली.

बारशाला चतुराबाई जळकोटला गेली. विहिणीनं पाय धुवायला तांब्या पुढं केला. चतुराबाईनं तो तोंडाला लावून घटाघट रिकामा केला.

"अगं बया! आमच्या आडाला लई पानी हाय, विहीणबाई. पाय धुवा!"

बायका हसल्या. रामकिशननं दुसरा तांब्या आणून ठेवला. परत कधी येणार, हे चतुराबाईनं त्याला विचारलंच नाही.